टायटनवरचा तो फटका : दोष क्विलचा की पटकथेचा?

दुर्बीण (धागालेखक)

'ॲव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर' २७ एप्रिल २०१८ रोजी प्रदर्शित झाला आणि मी तो पहिल्याच दिवशी पाहिला. टायटन ग्रहावरच्या त्या प्रसंगाला भरलेल्या चित्रपटगृहातून जो एकमुखी 'अरे!' उठला होता, तो अजून माझ्या कानांत आहे. मँटिस, सहा इन्फिनिटी स्टोन जमवून निम्मे विश्व संपवायला निघालेल्या थॅनॉसच्या खांद्यांवर बसून दोन्ही हातांनी त्याचे डोके धरून त्याला गुंगीत ठेवते आहे, डॉक्टर स्ट्रेंजने त्याला मंत्रपाशात जखडले आहे, ड्रॅक्सने त्याचा पाय धरून ठेवला आहे, टोनी स्टार्क (आयर्न मॅन) आणि पीटर पार्कर (स्पायडरमॅन) त्याच्या डाव्या हातातले गाँटलेट, म्हणजे ते स्टोन बसवायचा हातमोजा, ओढत आहेत आणि ते सरकूही लागले आहे. नेमक्या त्या वेळी आपली प्रेयसी, म्हणजे थॅनॉसचीच मानलेली मुलगी गमोरा, त्याच्या हातून मारली गेल्याचे 'गार्डियन्स' टोळीचा म्होरक्या पीटर क्विल याला कळते आणि तो पिस्तूल धरलेल्या हाताने थॅनॉसच्या तोंडावर तडाखे मारतो. मँटिसची पकड सुटते, थॅनॉस जागा होतो, आणि हातातोंडाशी आलेला घास जातो.

तेव्हापासून 'क्विलमुळे निम्मे विश्व राख झाले' हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचले आहे की आता त्याचा प्रतिवाद लिहून ठेवावासा वाटतो. माझे म्हणणे असे आहे की हा फटका पटकथेने सोयीसाठी ऐनवेळी त्याच्या हातून मारवून घेतलेला नाही, तर २०१४ च्या 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी'च्या पहिल्या पाच मिनिटांतच त्याची पेरणी झालेली आहे. १९८८ साल आहे, मिसूरीतले एक रुग्णालय आहे आणि लहानग्या क्विलची आई मेरेडिथ मृत्युशय्येवर आहे. मुलाचा डोळा काळानिळा झालेला दिसतो म्हणून आई विचारते, तेव्हा कळते की काही पोरांनी एका निरपराध बेडकाला काठीने चिरडले आणि हा त्यांच्या अंगावर धावून गेला. आपण मार खाऊ, हा हिशेब त्याने केलेला नाही. त्यानंतर आई हात पुढे करते आणि तो हात त्याच्याकडून धरला जात नाही. या मुलाला पुढच्या तीन चित्रपटांत जे जे होते, ते या दोन गोष्टींतूनच होते, असे मला वाटते.

पुढे किल्न तुरुंगातून पळून जाताना साथीदार यान घेऊन ताटकळत असताना हा मागे वळतो, कशासाठी, तर एका पहारेकऱ्याने बळकावलेल्या वॉकमनसाठी. २०१७ च्या दुसऱ्या भागात तर टायटनच्या प्रसंगाची रंगीत तालीमच आहे. इगोने, म्हणजे स्वतःच एक जिवंत ग्रह असलेल्या त्याच्या बापाने, त्याला अनंतकाळाचे दर्शन घडवून पुरते भारून टाकले आहे, त्याच्या डोळ्यांत तारे चमकत आहेत, आणि इगो बोलता बोलता सांगून जातो की मेरेडिथच्या मेंदूत गाठ आपणच ठेवली होती. डोळ्यांतले तारे तत्क्षणी विझतात आणि क्विल दोन्ही पिस्तुले काढून बापाच्या देहाची चाळण करतो, तेही त्याच बापाच्या ग्रहावर उभा राहून, जिथे पायाखालची जमीनसुद्धा बापच आहे! तिथे या अविचाराने क्विलची स्वतःची गुंगी उतरली म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. टायटनवर तशाच अविचाराने थॅनॉसची गुंगी उतरली, तर आपण त्याला मूर्ख ठरवले.

उलटतपासणी

लेख मन लावून लिहिला आहे, परंतु त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत. पात्राचे वागणे त्याच्या स्वभावाला धरून आहे का, हा एक प्रश्न. त्या वागण्यावर अख्ख्या कथानकाचा डोलारा उभा करणे न्याय्य आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 'होय' आले म्हणून दुसऱ्याचे आपोआप 'होय' होत नाही. माझा आक्षेप क्विलवर नाहीच. तो फटका बसेपर्यंत बाकीचे इतका वेळ काय करत होते, यावर आहे.

त्याच चित्रपटाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये स्ट्रेंजचा साथीदार वाँग जादूचे द्वार उघडतो, थॅनॉसचा हस्तक कल ऑब्सिडियन त्यातून पलीकडे फेकला जातो, परत यायला तो हात आत घालतो आणि वाँग द्वार बंद करतो. तो अवाढव्य हात काकडीसारखा कापला जाऊन अलीकडे पडतो. म्हणजे ही विद्या हाडामांसाची पर्वा करत नाही, हे आम्हा प्रेक्षकांना लेखकांनी स्वतःच दाखवून ठेवले आहे. मग टायटनवर वाँगपेक्षा श्रेष्ठ असा साक्षात स्ट्रेंज हजर असताना, आणि समोरचा शत्रू झोपलेला असताना, दोघांनी मिळून गाँटलेट ओढत बसण्यापेक्षा त्या हाताभोवती एक द्वार उघडून ते मिटता आले नसते का? पहिल्या अंकात भिंतीवर टांगलेली तलवार तिसऱ्या अंकात कोणाच्या लक्षातच राहू नये, तसा हा प्रकार झाला आहे.

यावर उत्तर काय येणार, हे मला ठाऊक आहे. स्ट्रेंजने १,४०,००,६०५ भविष्ये पाहिली आणि त्यांतल्या एकाच भविष्यात विजय होता, म्हणून त्याने मुद्दाम काही केले नाही, असे सांगितले जाईल. हे उत्तर नसून गोधडी आहे. कुठलेही भोक दिसले की ती वर पसरायची. अशा उत्तराने कोणतीही चूक झाकता येत असेल, तर त्याने काहीच सिद्ध होत नाही.

शेवटची रांग

दोघांच्याही मधला एक मुद्दा सुटतो आहे. त्या चित्रपटात प्रेमापोटी हार पत्करणारा क्विल एकटा नाही. थोरचा जीव वाचावा म्हणून त्याचा भाऊ लोकी टेसरॅक्ट (त्यात स्पेस स्टोन आहे) देतो, बहीण नेब्युलाच्या यातना पाहवत नाहीत म्हणून गमोरा सोल स्टोनचा ठावठिकाणा सांगते, स्टार्कसाठी स्ट्रेंज टाइम स्टोन देतो, आणि ज्याच्या कपाळावर माइंड स्टोन आहे त्या व्हिजनला मारण्याचा निर्णय वांडा इतका लांबवते की शेवटी त्याचा उपयोग होत नाही. थोरने कुऱ्हाड डोक्यात घातली असती तर प्रश्नच मिटला असता, पण त्याला थॅनॉसला मरताना आपला चेहरा दाखवायचा होता. या सगळ्यांना सहानुभूती मिळाली आणि शिव्या मात्र एकट्या क्विलच्या वाट्याला आल्या. माझ्या मते याचे कारण असे की बाकीचे गंभीर चेहऱ्याने चुकले आणि हा आदल्या मिनिटापर्यंत 'बेत माझा होता' म्हणून मिरवत होता.

काठावर पास

एक शंका विचारतो, बाळबोध असेल तर सांभाळून घ्या. क्विल सेलेस्टियलचा, म्हणजे देवासारख्या अतिप्राचीन जीवाचा, मुलगा आहे आणि पहिल्या भागात त्याने पॉवर स्टोन उघड्या हातात धरला होता. मग टायटनवर इतके जण गाँटलेटशी झटत असताना, ते पेलू शकेल असा एकमेव माणूस नुसता बाजूला उभा राहून बोलत का होता?

खडूफळा

शंका बाळबोध मुळीच नाही, उलट धाग्याच्या विषयाला अगदी धरून आहे, कारण क्विल नेमका कोण आहे यावरच बरेच काही अवलंबून आहे.

पहिल्या भागाच्या शेवटी झँडारवर त्याला सांगण्यात येते की तो अर्धाच मानव असून त्याच्या पित्याचा वंश अतिप्राचीन आणि आजवर न पाहिलेला आहे. दुसऱ्या भागात तो पिता म्हणजे इगो, हे कळते. (मूळ कॉमिक्समध्ये क्विलचा बाप इगो नव्हताच, तो स्पार्टॅक्स साम्राज्याचा राजा होता. इगो हा जिवंत ग्रह १९६६ साली थोरच्या अंकात आला आणि क्विल त्यानंतर दहा वर्षांनी, १९७६ साली. या दोघांचे नाते चित्रपटाने जुळवले आहे, आणि माझ्या मते मूळापेक्षा सरस जुळवले आहे.) इगो मरण्यापूर्वी क्विलला स्पष्ट बजावतो की मला मारलेस तर तू इतर चारचौघांसारखा होशील. क्विल त्यात वाईट काय आहे असे विचारतो आणि त्याला मरू देतो. म्हणजे टायटनवर उभा असलेला क्विल केवळ मिसूरीचा माणूस आहे. शिवाय पॉवर स्टोन त्याने एकट्याने फार वेळ पेललेला नाही, गमोरा, ड्रॅक्स आणि रॉकेट यांनी एकमेकांचे हात धरून तो भार वाटून घेतला होता, हेही विसरू नये.

याचा पडताळा पाहायचा असेल, तर अवकाशातल्या दोन उड्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिल्या भागात नोव्हेअरजवळ गमोराचे यान फुटते, क्विल आपल्या यानातून बाहेर पडतो आणि स्वतःचा मुखवटा तिला लावतो. त्याला वाढवणारा अवकाशचाच्यांचा सरदार योंडू येईपर्यंत तो उघड्या तोंडाने निर्वातात तरंगतो आणि थोड्याच वेळात ठणठणीत होऊन बोलू लागतो. २०२३ च्या तिसऱ्या भागात तोच माणूस उडी मारण्याआधी खाली पडलेला झून (गाणी ऐकायचे यंत्र) उचलायला थांबतो, उडी अपुरी पडते, आणि या खेपेला त्याचा चेहरा सुजतो, गोठतो आणि ॲडम वॉरलॉकने ओढून आणले नसते तर तो मेलाच असता. मधल्या काळात बाप मेला आहे, एवढाच फरक. हे मुद्दाम केले असेल तर पटकथेला दाद द्यावी लागेल, आणि योगायोगाने झाले असेल तरी तर्क सुटत नाही.

विज्ञान शिकवत असल्याने एक गोष्ट राहवत नाही म्हणून लिहितो. १९६६ साली ह्यूस्टन येथे नासाच्या निर्वात कक्षात पोशाखाची चाचणी चालू असताना एका तंत्रज्ञाची नळी निसटली होती. सुमारे १४ सेकंदांत तो बेशुद्ध पडला, जिभेवरची लाळ उकळते आहे एवढीच शेवटची जाणीव त्याच्या लक्षात राहिली, आणि हवेचा दाब पूर्ववत होताच तो शुद्धीवर येऊन बरा झाला. म्हणजे पहिल्या भागातला प्रसंग वाटतो तितका अशक्य नाही, फक्त त्यात क्विलने इतका वेळ शुद्धीवर राहायला नको होते. तिसऱ्या भागातली सूज खरी आहे. तो बर्फ मात्र अतिशयोक्त आहे. निर्वातात उष्णता वाहून न्यायला हवाच नसते, त्यामुळे ओले डोळे, ओठ आणि जीभ सोडली, तर अंग सावकाश थंड होते.

आता उलटतपासणी यांच्या द्वाराबद्दल. स्ट्रेंजचे दोन्ही हात त्या क्षणी मंत्रपाश ताणून धरण्यात गुंतलेले आहेत, आणि द्वार उघडायला एका हाताच्या दोन बोटांत खास अंगठी आणि दुसऱ्या हाताने वर्तुळ काढावे लागते. पाश सोडला असता तर थॅनॉसचा हात मोकळा झाला असता. हे उत्तर भविष्यांच्या आकड्याशिवाय देता येते, म्हणून दिले.

उलटतपासणी

हातांचा मुद्दा मान्य. आकडा मध्ये न आणता कोणी उत्तर दिले, याचाच आनंद आहे. तरीही थॅनॉस गुंगीत जाण्याच्या आधी, स्ट्रेंज एकामागून एक द्वारे उघडत होता आणि पार्कर त्यांतून आत-बाहेर उड्या मारत होता, तेव्हा हे का सुचले नाही, हा प्रश्न शिल्लक राहतोच. हलत्या हातावर नेम धरणे कठीण, असे म्हणता येईल. म्हणा.

पण पार्श्वभूमीचा विषय निघालाच आहे, तर मला सर्वांत जास्त खुपते ती विसंगती गमोराची आहे. पहिल्या भागात झँडारवर ड्रॅक्स सोडून हे चौघे पकडले जातात तेव्हा तिथल्या नोव्हा दलाच्या, म्हणजे पोलिसांच्या, पडद्यावर प्रत्येकाची नोंद येते. गमोराच्या नोंदीत ती आपल्या वंशातली शेवटची जिवंत व्यक्ती असल्याचे लिहिले आहे. 'इन्फिनिटी वॉर'मध्ये मात्र थॅनॉस तिला ऐकवतो की तुझ्या ग्रहावरची निम्मी माणसे मी मारली आणि आज तिथली मुले पोटभर जेवतात, तिथे नंदनवन आहे. या दोन गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकत नाहीत. क्विलच्या एका फटक्यावर एवढी शाई खर्च होते आणि खलनायकाचे संपूर्ण तत्त्वज्ञान ज्या एकमेव उदाहरणावर उभे आहे, त्याची कागदपत्रे कोणी तपासत नाही.

आजोळ

ती विसंगती आहे असे मी मानत नाही. थॅनॉस खोटे बोलतो आहे, किंवा त्याहून भयंकर म्हणजे त्याला ते खरे वाटते आहे. मुलीला तिच्या गावाबद्दल सांगणारा बाप आणि गाव उद्ध्वस्त करणारा माणूस एकच असेल, तर त्याची साक्ष कोण ग्राह्य धरील? नोव्हा दलाला गमोराविषयी खोटी नोंद करण्याचे काही कारण नव्हते. थॅनॉसला मात्र होते. लेखकांनी हे जाणूनबुजून ठेवले की नाही, ते सोडा, पण हातात जे दोन पुरावे आहेत त्यांपैकी कोणता अधिक विश्वासार्ह, हे ठरवणे अवघड नाही.

बापांचा विषय निघाला म्हणून योंडूबद्दल लिहावेसे वाटते, कारण क्विलचा स्वभाव घडला तो त्याच्या हाताखाली. मूळ धाग्यात त्याचे नावही नाही, हे मला खटकले. इगो निरनिराळ्या ग्रहांवर मुले जन्माला घालतो आणि ती गोळा करून आणायचे पैसे योंडूला देतो. त्या मुलांचे पुढे काय होते हे कळल्यावर योंडू शेवटचे मूल पोचवत नाही. तोवर त्याने पोचवलेल्या मुलांचे पाप त्याच्या माथी आहेच, आणि त्यासाठी रॅव्हेजर्सनी, म्हणजे इतर अवकाशचाच्यांनी, त्याला वाळीतही टाकले आहे. पण हे खरे कारण तो मुलाला कधीच सांगत नाही. तू हडकुळा होतास, अडचणीच्या जागी चोरीला शिरायला बरा पडायचास म्हणून ठेवून घेतले, असे सांगतो. माझी माणसे तुला खाणार होती, मी वाचवले, हे उपकार वर्षानुवर्षे ऐकवतो.

आपल्याकडे असा विषय निघाला की लगेच राधा आणि अधिरथ आठवतात, पण ती तुलना इथे पुरती लागू होत नाही. राधेय हे नाव कर्णाने अभिमानाने लावले, कारण त्या घरात माया उघड होती. क्विलला आपला बाप कोणता हे कळते, तेव्हा योंडूच्या हाती जेमतेम काही क्षण उरलेले असतात आणि एकुलता एक अवकाशपोशाख तो मुलाच्या अंगावर चढवून मोकळा झालेला असतो. आईचा हात धरायचा राहून गेला, योंडूला बाप म्हणायचे राहून गेले. आता या माणसाला टायटनवर कळते की गमोराच्या बाबतीतही उशीरच झाला. त्या वेळी तो शांत राहिला असता तर मला तो खोटा वाटला असता.

शेवटची रांग

इगोने ती गाठीची गोष्ट सांगितलीच कशाला, हे मला अजून कळलेले नाही. नुसते गप्प बसला असता तर मुलगा त्याच्याच बाजूला होता.

आजोळ

त्याच्या दृष्टीने ते सांगण्यात गैर काही नव्हतेच. तीन वेळा पृथ्वीवर गेलो, चौथ्यांदा गेलो असतो तर तिला सोडून निघता आले नसते, म्हणून हा उपाय केला, हे तो स्वतःच्या त्यागाची कहाणी असल्यासारखे सांगतो. युगानुयुगे एकटा राहिलेला जीव तो, समोरच्याला दुखते म्हणजे काय होते, हे त्याला ठाऊकच नाही. नावातच सगळे आले.

दुर्बीण (धागालेखक)

योंडू राहून गेला ही माझी चूकच झाली. आणि उलटतपासणी यांचा मुख्य भेद, म्हणजे स्वभाव वेगळा आणि कथेचा डोलारा वेगळा, तो मला आता पटतो आहे, पण त्याने माझी बाजू कमकुवत होते असे वाटत नाही.

कारण काल रात्री नोव्हेअरचा प्रसंग पुन्हा पाहिला. थॅनॉस रिॲलिटी स्टोनसाठी तिथल्या कलेक्टरला दाबून धरून उभा आहे आणि हे चौघे लपून पाहत आहेत. ड्रॅक्सला बायको-मुलीच्या मृत्यूचा सूड आता, या क्षणी घ्यायचा आहे. त्याला कोण आवरतो? क्विल. अजून नाही, आधी स्टोन, असे तो कळकळीने समजावतो, ड्रॅक्स ऐकत नाही, आणि मँटिस त्याला झोपवते. तो धाडकन कोसळतो आणि त्या आवाजाने थॅनॉसचे लक्ष जाते. त्यानंतर काही मिनिटांनीच क्विलवर आईची शपथ पाळायची वेळ येते. थॅनॉसच्या हाती लागले तर मला मारून टाक, असे गमोराने यानात त्याच्याकडून कबूल करून घेतले होते. तो रडवेला होतो, पिस्तूल तिच्यावर रोखतो आणि खरोखर चाप ओढतो. रिॲलिटी स्टोनमुळे गोळीचे बुडबुडे होतात, हा भाग वेगळा, पण चाप ओढला गेला आहे.

म्हणजे विश्वाचा हिशेब भावनेच्या वर ठेवणे या माणसाला जमते, हे त्याच चित्रपटात सिद्ध झालेले आहे. त्याने एकदा ते केले, त्याची पूर्ण किंमत मोजायची तयारी दाखवली, आणि हाती बुडबुडे आले. टायटनवर स्टार्क त्याला ओरडून सांगतो की आत्ता थांब, आम्ही काढतच आणले आहे. क्विलने ते याआधी एकदा ऐकून पाहिले होते. ही माहिती त्याला देणारी नेब्युला आहे, थॅनॉसच्या शोकाचे कारण नकळत ओढून बाहेर काढणारी मँटिस आहे, आणि कबुली देणारा थॅनॉस आहे. सगळा भार त्या एका हातावर टाकणे मला अजूनही अन्यायाचे वाटते.

उलटतपासणी

नोव्हेअरचा प्रसंग या बाजूने मी पाहिला नव्हता. आता फटक्यावरचा आक्षेप मागे घेतो, म्हणजे खरे तर तो दोन मिनिटे आधी नेऊन ठेवतो.

तुम्ही मँटिसचे नाव घेतलेत म्हणून आठवले. दुसऱ्या भागात इगोला झोपवण्याचे काम तिच्याकडेच होते. ती त्याला जेमतेम आवरते आहे आणि वरून पडलेला एक दगड तिला लागतो. ड्रॅक्स 'सांभाळ' म्हणून ओरडतो तेही पुरेसे लवकर नाही. ती कोसळते आणि इगो जागा होतो. क्विल तिथे होता. कथेतल्या काळानुसार त्यानंतर चार वर्षांनी टायटनवर तो पुन्हा मँटिसच्याच गुंगीवर बेत रचतो आणि तो आपला बेत असल्याचे अभिमानाने सांगतो. स्ट्रेंज, स्टार्क, पार्कर, ड्रॅक्स आणि मागाहून आलेली नेब्युला इतके जण हाताशी असताना, तिच्या आणि थॅनॉसच्या डोक्याच्या मध्ये कोणी येणार नाही हे पाहायला त्याने एकालाही उभे केलेले नाही.